आर्यापुरतं सेंद्रिय

"ब्लूबेरी मात्र सेंद्रियच घ्यायची. तिथे तडजोड नाही," मोबाइलवरून नजर न काढता उन्मेष म्हणाला.

अक्षयाने कणकेने भरलेले हात तसेच परातीत ठेवून त्याच्याकडे पाहिलं. "आपण ब्लूबेरी कधी खाल्ली?"

"नाही खाल्ली. पण घ्यायची झाली तर."

"बरं. आणखी?"

"अवोकाडो साधा चालेल. त्याचं साल जाड असतं, फवारणीचं औषध आत पोचत नाही."

"चला, अवोकाडोचे पैसे वाचले," अक्षया म्हणाली आणि कणकेच्या गोळ्यावर तिने असा गुद्दा हाणला की परात ओट्याच्या कडेपर्यंत सरकत गेली.

उन्मेष हायस्कूलला विज्ञान शिकवायचा आणि खरी गोम तिथेच होती. साध्या माणसाला 'काय सेंद्रिय घेऊ' असं विचारलं तर तो म्हणेल डाळ घे, नाहीतर म्हणेल काही नको घेऊस, पैसे जास्त झालेत का. उन्मेष जमिनीच्या पोतापासून सुरुवात करायचा. मग पाणी, मग मुळं, मग खोड. पानापर्यंत पोचेतो कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या आणि मूळ प्रश्न विचारणारी बाई भांडी घासत असायची. गेला आठवडाभर घरात हेच चाललं होतं.

अक्षयाचं मागणं खरं तर एवढंसं होतं. ती पतसंस्थेत नोकरीला. तिथल्या कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत तिला फवारणीचा एक व्हिडिओ दाखवला आणि त्या दिवसापासून आर्याच्या ताटात काहीही वाढताना तिचा हात अडखळायला लागला. आर्या पाच वर्षांची, मुळात किडकिडीत. घराचा हप्ता, गाडीचं पेट्रोल आणि दूध जाऊन महिन्याकाठी जे उरायचं त्यात अख्खं घर सेंद्रिय होणं शक्य नव्हतं, हे अक्षयाला कळत होतं. दोन मोठी माणसं आजवर जे खात आली ते पुढेही खातील, त्यांचं काय व्हायचं ते होऊन चुकलंय. पण त्या पोरीच्या पोटात निदान चार घास तरी बिनविषारी जावेत, एवढंच तिचं म्हणणं.

"आपण उलट्या बाजूने येऊ," हात धुऊन ती टेबलाशी बसली. "आर्या काय खाते? वरण-भात, गूळ-पोळी आणि शेंगदाण्याचा लाडू. याखेरीज तिने काही गिळलेलं मी तरी पाहिलेलं नाही. तांदूळ तुझ्या मामांकडून राजापूरहून येतो, तो शेणखतावरचाच असतो. मग उरलं काय? डाळ, गूळ, शेंगदाणे. तेवढंच सेंद्रिय घ्यायचं."

"पण शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर पालेभाज्या..."

"पालेभाजी ती खाते का?"

"नाही."

"मग शास्त्र राहू दे," अक्षया म्हणाली आणि प्रश्न निकालात निघाला. निदान तिला तसं वाटलं.

मारुती मंदिराच्या पुढे सर्वेश नावाच्या मुलाने नुकतंच सेंद्रिय मालाचं दुकान टाकलं होतं. मुंबईतली नोकरी सोडून आलेला, बोलायला गोड. डाळ अशी मळकट का, तर पॉलिश नाही ताई. गूळ असा काळा का, तर रसायन नाही ताई. शेंगदाणे एवढे बारीक का, तर गावठी आहेत ताई. भाव असा का, यावर मात्र तो नुसता हसला आणि "पुढे डॉक्टरला देण्यापेक्षा आत्ता शेतकऱ्याला दिलेले बरे" एवढं म्हणून त्याने बिल फाडलं. महिन्याचे म्हणून बाजूला काढलेले सगळे पैसे त्या तीन पुड्यांत संपले. वर एक कापडी पिशवी गळ्यात पडली, तिच्यावर हिरव्या अक्षरांत 'सेंद्रिय' असं एवढं मोठं लिहिलेलं की समोरच्या फुटपाथवरच्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता यावं.

ती पिशवी जिन्यात आनंदीबाईंनी पाहिली आणि तिथून पुढे सगळं बिनसलं.

आनंदीबाई समोरच्या दारात राहायच्या. मुळात ही इमारतच त्यांच्या जुन्या घराच्या जागेवर उभी राहिलेली. जागेच्या बदल्यात त्यांना ब्लॉक मिळालेला. त्या आणि पेन्शनीतले श्यामकाका, दोघंच. शाळा सुटल्यावर आर्या त्यांच्याकडे यायची आणि अक्षया पतसंस्थेतून परत येईतो तिथेच असायची. याचे पैसे घ्या म्हटलं तर आनंदीबाई दोन दिवस बोलायच्या नाहीत. त्यामुळे अक्षया त्यांच्यापुढे कायम थोडी वाकलेली असायची, आणि वाकलेलं माणूस कधीतरी ताठ व्हायला बघतंच.

"काय गो, काय आणलंस एवढं?" आनंदीबाईंनी विचारलं.

'डाळ' असं म्हणून तिला घरात जाता आलं असतं. पण खिशाला एवढा खड्डा पाडून आणलेल्या वस्तूबद्दल दोन शब्द बोलावेसे कुणाला वाटणार नाहीत?

"आर्याला आता सगळं सेंद्रियच द्यायचं ठरवलंय, काकू," अक्षया म्हणाली. "साधं, बाजारातलं असं काहीच नाही. त्या फवाऱ्यांनी मुलांना काय काय होतं, तुम्हाला कल्पना नाही."

"सगळं?"

"सगळं."

"म्हणजे दुपारचं मी तिला काही द्यायचं नाही म्हणतेस?"

"डबा देईन ना मी. तेवढाच द्या म्हणजे झालं."

डबा साधाच, भाजी-पोळीचा असणार होता, पण ते आता कुठे जिन्यात उभं राहून समजावत बसायचं? आनंदीबाई "बरं हो" म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या एका वाटीत लाल माठाची भाजी घेऊन आल्या. वर भरपूर खोबरं. "परसातला आहे हो माठ. शेणखतावरचा. तुमच्यात चालेल," असं मुद्दाम सांगून गेल्या. अक्षयाला अगदी भरून आलं. आर्याने भाजीकडे ढुंकून पाहिलं नाही, पण उन्मेषने ती खाऊन वर वाटी पुसून घेतली.

सकाळी अक्षयाने वाटी घासून पुसून कोरडी केली. आता शेजारच्या घरचं भांडं रिकामं परत करायचं नाही हे तर सगळ्यांनाच ठाऊक. रिकामी वाटी हातात ठेवली तर समोरची बाई तोंडाने काही बोलत नाही, पण आठवडाभर तिच्या नमस्कारात काहीतरी कमी पडतं. अक्षयाने नेहमीप्रमाणे साखरेचा डबा उघडला.

"साखर देतेस?" दाढी करता करता उन्मेष बाहेर आला.

"मग काय देऊ?"

"तू परवा जिन्यात काय म्हणालीस? घरात सगळं सेंद्रिय. आणि आज ही रसायनाने पांढरी केलेली साखर त्यांच्या हातात ठेवणार. त्यांनी काय समजायचं? आपल्या पोरीला एक आणि शेजाऱ्यांच्या माथी दुसरं?"

उन्मेषचं हे असं होतं. एरवी कधी कामाचं बोलायचा नाही आणि जेव्हा बोलायचा तेव्हा नको त्या वेळी बरोबर बोलायचा. अक्षयाने साखरेचा डबा बंद केला, सर्वेशकडच्या गुळाचा एक चांगला खडा फोडला आणि वाटीत ठेवला. आनंदीबाईंनी तो नाकाशी नेऊन वास घेतला, "अगदी पूर्वीसारखा आहे गो" म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा इतका खुलला की अक्षयालाही बरं वाटलं.

बरं वाटणं तेवढ्या दिवसापुरतंच टिकलं. तिसऱ्या दिवशी मुळ्याच्या पाल्याची भाजी आली आणि ती वाटीतून नव्हे, वाडग्यातून. वाडग्यात गुळाचा खडा टाकला तर तळाशी एकटाच पडलेला दिसतो. म्हणून त्यात शेंगदाणे गेले. त्यानंतर पावट्याची उसळ आली ती झाकणाच्या डब्यातून. त्या डब्याचं पोट भरायला तूरडाळ लागली. भांडं जरा मोठं येई, म्हणून परतफेड जरा मोठी जाई, आणि परतफेड मोठी गेली म्हणून पुढचं भांडं आणखी मोठं येई. कुणी थांबायचं कसं? जो थांबेल तो कमी पडला.

इकडे गूळ तळाला गेला तरी आर्याच्या ताटात त्याचा एक तुकडा पडला नव्हता. पडला असता तरी तिने खाल्ला असता की नाही कोण जाणे, कारण हल्ली संध्याकाळी तिचं एकच टुमणं असायचं, 'भूक नाही'. दुपारचा डबा मात्र चाटूनपुसून रिकामा येत होता.

"पोरीची भूक मेली," अक्षया म्हणायची. "हे सगळं त्या फवाऱ्यांमुळे."

"डबा तर संपवते."

"तू गप्प बस. तुझ्यामुळे गूळ गेला."

यावर तोडगाही उन्मेषनेच काढला. भांडी परतच केली नाहीत तर भरायचा प्रश्न येत नाही. विसरलो म्हणायचं. अक्षयाला हे पटलं, म्हणजे ती केवढी टेकीला आली होती ते बघा. मग ओट्यावरच्या फडताळात आनंदीबाईंच्या वाट्या साठायला लागल्या. वाट्यांमागे वाडगे, वाडग्यांमागे डबे. भाज्या यायच्या काही थांबल्या नाहीत, उलट आनंदीबाईंकडची लहान भांडी संपली तशी मोठी यायला लागली. एकदा तर लाल माठ चक्क दुधाच्या पातेल्यातून आला. अखेर एका रविवारी सकाळी श्यामकाका दारात उभे राहिले. काका अबोल माणूस, कधी कुणाकडे काही मागायचे नाहीत.

"अक्षया," ते खाली बघत म्हणाले, "आमच्याकडे चहा ठेवायला भांडं राहिलं नाही."

अक्षयाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने तिथल्या तिथे फडताळातली सगळी भांडी काढली. आता एवढ्या दिवसांनी ती रिकामी कशी द्यायची? एकात डाळ, एकात शेंगदाणे, एकात उरलासुरला गूळ, परत एकात डाळ असं करत सर्वेशकडचा सगळा माल त्या भांड्यांत गेला आणि समोरच्या दारातून आत गेला. काका दोनदा येऊन घेऊन गेले. फडताळ मोकळं झालं, डबेही मोकळे झाले. आर्यासाठी आणलेल्या मालातला आता एक दाणा घरात राहिला नव्हता.

अक्षया स्टुलावर बसली. तिला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि दोन्ही कुणावर काढायचं हे कळत नव्हतं. आनंदीबाईंवर काढावा तर बिचारी बाई परसातली ताजी भाजी शिजवून देते. आर्यावर काढावा तर ती पाच वर्षांची. म्हणून तिने तो उन्मेषवर काढला आणि पुढच्या महिन्याची मासळी बंद करून टाकली.

"मासळीचा आणि याचा काय संबंध?"

"त्या पैशांत परत डाळ आणायचीय. आर्यासाठी. आणि या खेपेला तिच्यातला एक दाणा घराबाहेर जाणार नाही."

"रविवारी बांगडा नाही?"

"नाही."

उन्मेषने कीटकनाशकाने माणसाला काय होतं हे खूप वाचलं होतं. बांगडा नसला की काय होतं हे त्याला पहिल्यांदाच कळलं. तो तीन दिवस कुणाला काही समजावून सांगत नव्हता, त्यातल्या त्यात तेवढीच शांतता.

यावेळी अक्षयाने डोकं चालवलं. सर्वेशकडून सेंद्रिय डाळ आणली ती वरच्या फळीवर, पोह्यांच्या डब्यामागे लपवली. आणि खालच्या किराणा दुकानातून साधी तूरडाळ आणून समोर ठेवली. गुरुवारी पडवळाच्या भाजीचा डबा आला. शुक्रवारी सकाळी त्यात साधी डाळ भरून, "सेंद्रिय आहे हो, काकू" असं वर तोंडाने म्हणून तिने तो परत केला. जीभ जराशी अडखळली, पण पोरीसाठी आई काय काय करते त्यापुढे हे काहीच नव्हतं. आणि आनंदीबाई तरी इतकी वर्षं बाजारातलीच डाळ खाऊन तगल्या होत्या की.

त्या रात्री अक्षयाने कौतुकाने सेंद्रिय डाळीचं वरण केलं. हिंग, गूळ, वर तूप. आर्याने एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं. "भूक नाही."

"अगं, तुझ्यासाठी केलंय सोन्या. दोन घास तरी."

"पोट भरलंय माझं."

"कशाने भरलं? हवेने?"

आर्याने तोंड घट्ट मिटून घेतलं. उरलेलं वरण उन्मेषने ओरपलं आणि डाळीला मातीचा वास येतो तो चांगला की वाईट यावर तो बोलायला लागणार, तेवढ्यात अक्षयाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो ताट घेऊन मोरीत गेला.

शनिवारी पतसंस्थेला सुट्टी. अक्षया केस धुऊन बाहेर येते तो दारात आनंदीबाई, काखेत तो डाळीचा डबा आणि चेहरा लाल.

"ही डाळ बघ," त्यांनी झाकण काढलं. "बघितलीस? कशी झळझळीत पिवळी आहे. मागची कशी होती? मळकट. आणि ही शिजायलाही वेळ नाही लागला. त्या मेल्याने फसवलंन तुला."

"असू दे हो, काकू," अक्षया ओले केस पुसत म्हणाली. "होतं एखाद वेळी."

"असू दे कसं? पोरीच्या पोटात जायचं ते. तू भिडस्त आहेस, तुला बोलता येत नाही. मी बोलते. गाडी काढ."

"आत्ता? आत्ता दुकान बंद असेल."

"उघडं आहे. मी फोन करून विचारलं."

या बाईकडे सर्वेशचा नंबर कुठून आला, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पण अक्षयाचं डोकंच चालत नव्हतं. इमारतीमागे फरशा घातलेल्या जागेत तिची स्कूटर उभी असायची, ती तिने काढली. आनंदीबाई मागे बसल्या, डबा पोटाशी धरून. चढावर गाडी दमली, सिग्नलपाशी बंद पडली, देवाने दिलेली ती शेवटची संधी समजून अक्षयाने "परत जाऊया का" असंही विचारून पाहिलं. आनंदीबाई उतरून चालायला लागल्या, तेव्हा मुकाट्याने गाडी चालू करून तिला त्यांच्या मागे जावं लागलं.

दुकानात नेमकी गर्दी. आनंदीबाईंनी डबा काउंटरवर आपटला.

"ही काय डाळ आहे?"

सर्वेशने चार दाणे तळहातावर घेतले. "ही आपली नाही, काकू. ही पॉलिशची आहे."

"तुझी नाही तर काय माझी? ही अक्षया परवा तुझ्याकडून घेऊन गेली. एवढे पैसे मोजून."

"ताई घेऊन गेल्या ती वेगळी. आईशपथ सांगतो, ही डाळ माझ्या दुकानात आलीच नाही कधी."

"म्हणजे आम्ही खोटं बोलतो?"

 एका गृहस्थाने पिशवीतला हळदीचा पुडा हळूच काढून परत मांडणीत ठेवला. एक बाई हातातलं तेलाचं लेबल वाचायला लागली. सर्वेशचा चेहरा पार उतरला. "ताई," तो अक्षयाकडे वळला, "तुम्ही तरी सांगा. हीच डाळ दिली का मी तुम्हाला?"

आता काय सांगायचं? बरण्यांची अदलाबदल झाली असेल म्हणावं, तर उद्या सगळ्या गावात याच्या बरण्या बदनाम. गप्प बसावं तर तो हळदवाला गृहस्थ दाराकडे निघालाच होता. मुंबईची नोकरी सोडून आलेला पोरगा, आपल्या एका डब्यापायी याचं दुकान बसायचं. अक्षयाने ओढणीने कपाळ पुसलं.

"ही डाळ याची नाही, काकू. खालच्या किराण्यातली आहे. मीच भरली डब्यात."

आनंदीबाईंना ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा आवाज खाली आला, आणि तो आरडाओरड्यापेक्षा वाईट होता. "म्हणजे घरात तुम्ही सेंद्रिय खाता आणि मला ही पाठवतेस."

"घरात?" आणि महिनाभर दाबून ठेवलेलं सगळं अक्षयाच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. "घरात कुठे खातो आम्ही, काकू? गूळ तुमच्या वाटीत गेला, शेंगदाणे तुमच्या वाडग्यात गेले, डाळ तुमच्या पातेल्यात गेली. ज्या पोरीसाठी आणलं तिच्या वाट्याला खडा आला नाही. उन्मेषची मासळी बंद केली मी. तुम्ही पोरीला सांभाळता, परसातलं एवढं ताजं देता, तुम्हाला साखर कशी देऊ? वैतागले मी, काकू. त्या वाट्या बघितल्या की मला धडकी भरते."

"परसातलं?" सर्वेश मध्येच म्हणाला. त्याला गप्प बसायला हवं होतं, पण नुकतंच खोटं ठरता ठरता वाचलेल्या माणसाला कुठलं गप्प बसवतंय. "काकू, तो माठ तुम्ही दर खेपेला माझ्याकडूनच नेता ना? मुळा पण. फोन करून ठेवायला सांगता."

आनंदीबाईंनी पदर सारखा केला, नव्हता बिघडला तरी. "कसलं परस गो आता?" त्या म्हणाल्या. "तू रोज गाडी कुठे लावतेस?"

 दोन वर्षं अक्षया आनंदीबाईंच्या माठावर स्कूटर उभी करत होती आणि महिनाभर त्याच माठाची भाजी खात होती. एकदाही तिला या दोन गोष्टी जोडाव्याशा वाटल्या नव्हत्या.

"मग बाजारातली साधी भाजी का नाही दिलीत?"

"तूच म्हणालीस ना जिन्यात, पोरीला साधं काही चालत नाही. त्या घरात मी बाजारातला पाला कोणत्या तोंडाने पाठवू? ह्यांनी पेपर बंद केला त्यापायी. म्हणतात, बातम्या मोबाइलवर दिसतात. त्यांना कुठला दिसतो मोबाइल."

दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या राहिल्या. सगळं दुकान मात्र दोघींकडे बघत होतं. शेवटी सर्वेशची झालेली बदनामी भरून काढायची म्हणून आनंदीबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "तुझा माल चांगला आहे हो, बाळा" असं सांगितलं, आणि नुसतं सांगून भागणार नाही हे ओळखून अक्षयाने आणखी एक किलो सेंद्रिय तूरडाळ घेतली. तो गृहस्थ हळदीचा पुडा परत पिशवीत टाकून बिलाच्या रांगेत उभा राहिला.

दोघी घरी परतल्या. गाडी लावताना अक्षयाने चाक नेहमीपेक्षा जपून फरशीवर घेतलं. मग तिला एक शंका आली.

"काकू, पण एवढ्या गुळाचं तुम्ही केलंत काय? काकांना तर गोड बंद आहे."

आनंदीबाईंनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "रागावणार नसलीस तर सांगते."

"नाही रागवत."

"पोर तुझा डबा उघडून बघायची आणि झाकण लावायची. उपाशी ठेवू तिला? माझ्या घरातलं साधं द्यायचं नाही म्हणालीस. मग तुझंच घरात होतं, तेच दिलं. गुळाची पोळी, शेंगदाण्याचे लाडू, वरण-भात. रोज दुपारी पोटभर जेवायची. तिला म्हटलं, आईला बोलू नको हो, ती म्हणेल बाहेरचं खाल्लंस."

"आणि डबा?"

"डबा ह्यांना आवडतो. तुझी भेंडी तर फारच."

अक्षया स्कूटरला टेकली. म्हणजे सगळं पोचलं होतं. गुळाचा शेवटचा तुकडा, शेवटचा शेंगदाणा, डाळीचा दाणा न् दाणा, समोरच्या घराला वळसा घालून ज्या पोटासाठी आणला त्याच पोटात गेला होता. भूक नाही म्हणत होती ती याच्यासाठी. एवढा महिना चडफडत काढला तो फुकटच. तिचे डोळे भरून आले आणि तिने सगळ्यांना मनोमन माफ करून टाकलं. अगदी उन्मेषलाही.

"सगळं तिलाच दिलंत?"

"सगळं गो. आम्ही बोटसुद्धा लावलं नाही."

"शुक्रवारची डाळसुद्धा?" हे विचारताना अक्षयाचा आवाज बारीक झाला.

"ती सुद्धा. शिजताना मला जरा संशय आला, पण तोवर तिने ताट पुढे केलंन. दोनदा मागून घेतलंन वरण." आनंदीबाई क्षणभर थांबल्या, सांगावं की नको असं करत. "म्हणाली, आजी, ते रोजचं मळकं वरण मला नको, हेच करत जा."

महिनाभरात पोरीने साधं, पॉलिशचं वरण पोटभर खाल्लं होतं ते एकदाच, आणि ती डाळ आईने स्वतःच्या हाताने डब्यात भरून, सेंद्रिय म्हणून सांगून पाठवली होती. अक्षयाने गाडीवरची पिशवी उचलली. 

"मग ही नवीन किलोभर कोण खाणार गो?" आनंदीबाईंनी पिशवीकडे बोट दाखवलं.

"आम्ही," अक्षया म्हणाली आणि जिना चढायला लागली.